म्यानाचे मोल : खुकुरीचे दाप आणि चर्मकोशाचे रसग्रहण

१. दोन दृष्टान्त

बृहदारण्यकोपनिषदाच्या पहिल्या अध्यायातील चौथ्या ब्राह्मणात आत्म्याच्या शरीरप्रवेशाचे वर्णन करताना एक साधी, घरगुती उपमा योजली आहे. क्षुर जसा क्षुरधानात असतो तसा आत्मा शरीरात नखाग्रांपर्यंत शिरलेला आहे, असे तेथे म्हटले आहे. क्षुर म्हणजे वस्तरा आणि क्षुरधान म्हणजे तो ठेवण्याचे साधन. उपमेचा सारा भार नखाग्रांच्या उल्लेखावर आहे. पाते कोशाच्या टोकापर्यंत पोहोचलेले आहे, मध्ये पोकळी नाही; आणि पाहणाऱ्याला मात्र पाते दिसत नाही, कोशच दिसतो. आत्मा असूनही दिसत का नाही, हे सांगताना उपनिषत्कारांना चांगल्या बसणीचा कोश आठवला, ही गोष्ट हस्तकलेच्या अभ्यासकानेही नोंदवून ठेवावी अशी आहे.

दुसरा दृष्टान्त कबीराच्या नावावर उत्तर भारतात सर्वतोमुखी असलेल्या एका दोह्यातील आहे. साधूच्या जातीची चौकशी करू नये, ज्ञानाची करावी, हा त्या दोह्याचा विषय. आणि त्यासाठी दिलेले उदाहरण तलवार विकत घेणाऱ्याचे. घेणाऱ्याने किंमत पात्याची करावी, म्यानाचा विचार करण्याचे कारण नाही. मराठी वाचकाला येथे चोखामेळ्याच्या उसाच्या दृष्टान्ताची आठवण होणे स्वाभाविक आहे. तेथेही बाहेरचा वाकडेपणा आणि आतला रस यांची फारकत करून जातिभेदाला उत्तर दिलेले आहे. संतसाहित्यात ही रीत सर्वत्र आढळते: आवरण ते गौण, आतले ते मुख्य.

पहिल्या दृष्टान्तात म्यान हे पात्याशी तंतोतंत जुळलेले घर आहे. दुसऱ्यात ते टाकून देण्याजोगे टरफल आहे. दुसऱ्या दृष्टान्तामागील नैतिक भूमिका निर्विवाद आहे. तरीही त्यात एक पेच उरतो. भारतीय उपखंडात म्यानावर बहुधा कातडे चढवलेले असते आणि कातडे हाताळणाऱ्या माणसाला जातिव्यवस्थेने अस्पृश्य ठरवले होते. जात बाजूला ठेवावी हे सांगण्यासाठी जी वस्तू बाजूला ठेवली गेली, तिला शेवटचा टाका घालणारा हात त्याच माणसाचा होता. तेव्हा म्यानाचे मोल करणे म्हणजे दोह्याच्या आशयाला विरोध करणे ठरत नाही. त्याच्या उदाहरणात अनुल्लेखित राहिलेल्या कारागिराची दखल घेणे ठरते. प्रस्तुत लेखात हे मोल कसे करावे याचा विचार एका विशिष्ट वस्तूच्या आधारे केला आहे. ती वस्तू म्हणजे नेपाळी खुकुरीचे चामडी म्यान, अर्थात दाप.

२. शब्दांची साक्ष

संस्कृत 'कोश' या शब्दाच्या अर्थांची व्याप्ती लक्षणीय आहे. खड्गाचे म्यान तो कोश, राजाचे भांडार तो कोश, कळी तो कोश, रेशमाच्या किड्याचे घर तो कोश आणि शब्दांचा संग्रह तोही कोशच. तैत्तिरीयोपनिषदाच्या शीक्षावल्लीत ओंकाराला ब्रह्माचा कोश म्हटले आहे आणि वेदान्ताच्या परंपरेत पंचकोशांची कल्पना रूढ झाली. या सर्व अर्थांत मौल्यवान वस्तू सुरक्षित ठेवणे आणि गरजेच्या वेळी ती बाहेर काढता येणे, हे दोन घटक समान आहेत. जे उघडत नाही ते कोश नव्हे, ती कबर. म्यानाच्या घडणीतील सारी अडचण याच दुहेरी अपेक्षेतून निर्माण होते. त्याने पाते घट्ट धरले पाहिजे आणि सहज सोडलेही पाहिजे.

मराठीतील 'म्यान' हा शब्द फारसीतून आला. फारसीत 'मियान' या शब्दाला मध्य व कंबर असेही अर्थ आहेत. संस्कृत शब्दाचे लक्ष आतल्या वस्तूकडे आहे, तर फारसी शब्दाच्या अर्थवलयात वस्तू बाळगणाऱ्याची कंबर येते. 'शस्त्र म्यान करणे' या मराठी वाक्प्रचारात म्यान क्रियेचा भाग झाले आहे आणि तो कलहाच्या शेवटाचा वाचक आहे. 'एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत' या म्हणीत सत्तेच्या अविभाज्यतेचा अर्थ आपण काढतो. परंतु तिच्या मुळाशी कारागिराचा रोजचा अनुभव आहे. हाताने केलेले म्यान एका पात्यासाठी केलेले असते आणि ते दुसऱ्याला बसत नाही.

नेपाळीतील 'दाप' या शब्दाला असे तात्त्विक वलय लाभलेले नाही. तो शेतकऱ्याच्या, लाकूडतोड्याच्या आणि सैनिकाच्या वापरातला शब्द आहे, आणि वस्तूकडे पाहण्यासाठी हेच सोयीचे आहे.

३. दापाची घडण

खुकुरीचे पाते पुढच्या बाजूस वाकलेले असते. मुठीजवळ ते अरुंद, मध्याच्या पुढे पोटाशी रुंद आणि टोकाला निमुळते. धार बाकाच्या आतल्या बाजूस असते. चोखामेळ्याच्या दृष्टान्तातील वाकडेपणा बाहेरचा आहे. खुकुरीत वाकडेपणा हाच आतला गुण आहे, कारण घावाचा जोर त्या बाकातून येतो. अशा पात्याला म्यान करणे सरळ पात्याच्या तुलनेत अवघड जाते. पाते पोटाशी रुंद असल्यामुळे दापाचे तोंड पोट आत जाईल इतके मोठे ठेवावे लागते, आणि पाते पूर्ण आत गेल्यावर त्याच तोंडाशी त्याचा अरुंद भाग येतो. म्हणजे जेथे पकड हवी तेथेच जागा मोकळी राहते. ही पकड कारागीर आतल्या लाकडाच्या कोरणीतून मिळवतो.

परंपरेने पाते आणि मूठ यांचे काम कामी, म्हणजे लोहार, करतो आणि दापाचे काम सार्की, म्हणजे चर्मकार. पूर्व नेपाळातील भोजपूर हे गाव खुकुरीच्या कामासाठी विशेष प्रसिद्ध आहे. तयार झालेले पाते सार्कीच्या हाती येते आणि त्याच्या मापाने पुढील काम सुरू होते. हलक्या, मऊ लाकडाच्या दोन फळ्या घेऊन प्रत्येकीत पात्याच्या अर्ध्या जाडीची जागा कोरली जाते. दोन्ही फळ्या समोरासमोर चिकटवल्या की आतली पोकळी ही पात्याची जणू प्रतिकृती होते. त्यावर बहुधा म्हशीचे कातडे भिजवून ताणून बसवतात आणि त्याची शिवण मागच्या बाजूस, अंगाकडे येईल अशी घेतात. कातडे वाळताना आकसते व लाकडाला आवळून धरते. टोकाशी धातूची टोपी बसवतात, म्हणजे टोक आतून कातडे फोडून बाहेर येणार नाही.

दापाच्या मागच्या अंगाला दोन लहान कप्पे असतात. एकात कर्द, म्हणजे बारीक कामाची छोटी सुरी. दुसऱ्यात चकमक, म्हणजे बोथट पोलादाचा तुकडा, ज्यावर पात्याची धार सरळ करतात किंवा ज्याने गारगोटीवर ठिणगी पाडतात. जुन्या दापांना गारगोटी आणि कापूस किंवा तत्सम जळण ठेवण्याची लहान चामडी पिशवीही आढळते. मराठीत 'चकमक' हा शब्द आज मुख्यतः लढाईच्या बातमीत भेटतो. दापाच्या कप्प्यात त्याचा मूळ, चुलीशी निगडित अर्थ शाबूत आहे.

४. पाहावे कसे

उपयुक्त वस्तूच्या सौंदर्याचा प्रश्न सौंदर्यशास्त्राला नवा नाही. कांटने १७९० मध्ये स्वायत्त आणि परायत्त सौंदर्याची जी विभागणी केली, ती मराठी अभ्यासकाला रा. भा. पाटणकर यांच्या 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) या ग्रंथामुळे परिचित आहे. त्या परिभाषेत बोलायचे तर म्यान दुहेरी परायत्त आहे: एकदा पात्यावर आणि एकदा ते बाळगणाऱ्या देहावर अवलंबून. त्यामुळे केवळ दर्शनी भागाकडे पाहून त्याचे रसग्रहण होऊ शकत नाही. पुढील निकष या दुहेरी संबंधातूनच आले आहेत.

पहिला निकष बसणीचा. पाते आत असताना दाप हलवले तर खुळखुळ ऐकू येऊ नये. उलटे धरले तरी पाते आपल्या वजनाने निसटू नये, आणि काढताना हिसका द्यावा लागू नये. काढताना व घालताना पात्याचा बोथट पाठीकडचा भाग दापाच्या आतल्या कडेवरून सरकला पाहिजे. धार कशालाही घासता कामा नये. धार आत घासत असेल तर लाकडाचा बारीक भुसा तोंडाशी दिसू लागतो. धारही बोथट होते आणि दापही आतून कापले जाते.

दुसरा निकष शिवणीचा. हाताच्या उत्तम शिवणीत एकाच दोऱ्याची दोन टोके दोन सुयांत ओवून प्रत्येक भोकातून समोरासमोरून काढली जातात. एखादा टाका तुटला तरी शेजारचे टाके दुसऱ्या टोकाने धरलेले राहतात. यंत्राच्या शिवणीत वरचा व खालचा असे दोन स्वतंत्र दोरे एकमेकांत अडकवलेले असतात. त्यांतील एक तुटला की शिवण उसवत जाण्याची भीती असते. टाक्यांतील अंतर समान आहे का, भोके काठाला फार जवळ जाऊन कातडे फाडत आहेत का, आणि शिवण संपते तेथे दोरा कसा बांधला आहे, या तीन गोष्टी पाहिल्या तरी कारागिराच्या हाताची कल्पना येते.

तिसरा निकष कातड्याचा. बाभळीची साल, हिरडा यांसारख्या वनस्पतिज द्रव्यांनी कमावलेले कातडे भिजवून हवा तो आकार दिला की वाळल्यावर तो आकार धरून ठेवते. क्रोमच्या क्षारांनी कमावलेले कातडे मऊ व लवचिक असते. पिशवीला ते चांगले, परंतु म्यानाला लागणारा ताठपणा त्यात नसतो. कातडे कोणतेही असले तरी ते हवेतील ओल शोषते. म्हणून पाते दीर्घकाळ म्यानात ठेवल्यास गंजते आणि पितळी भाग कातड्याला लागून असेल तर तेथे हिरवा थर धरतो. म्यान हे पात्याचे रोजचे घर आहे, गोदाम नव्हे. जाणकार माणसे पाते दीर्घकाळ ठेवायचे झाल्यास त्याला तेल लावून म्यानाबाहेर ठेवतात.

या निकषांची व्याप्ती दापापुरती आहे काय, हे पाहण्यासाठी फिनलंडमधील पूक्को या सुरीच्या म्यानाशी तुलना उपयोगी पडते. त्याला 'तुप्पी' म्हणतात. पूक्को लहान व सरळ पात्याची आहे आणि तिच्या मुठीला आडवी पट्टी नसते. त्यामुळे तुप्पी पात्यावर थांबत नाही. मुठीचा मोठा भागही ती पोटात घेते. भिजवलेले कातडे सुरीभोवती गुंडाळून मागे शिवतात आणि वाळताना ते मुठीच्या फुगवट्यावर आवळते. पकड तेथून येते. धारेपासून कातड्याचे रक्षण करण्यासाठी आत लाकडाचे अस्तर असते. म्हणजे दापात लाकूड बाहेरच्या आकाराचा सांगाडा आहे, तर तुप्पीत ते आतले अस्तर आहे. दापात पकड पात्यावर आहे, तुप्पीत मुठीवर. एकमेकांशी संपर्क नसलेल्या दोन डोंगराळ-अरण्यप्रदेशांतील कारागिरांनी एकाच प्रश्नाला दोन वेगळी उत्तरे दिली, आणि शिवण मात्र दोघांनीही मागे घेतली. तौलनिक अभ्यासात प्रभाव आणि समांतरता यांचा भेद आपण करतो. येथे समांतरता वस्तूच्या गरजेतून आलेली आहे.

नक्षीकाम हा निकष मी मुद्दाम शेवटी घेत आहे. दापाच्या दर्शनी अंगावर उठावाच्या रेघा, कातड्याच्या दोऱ्यांचे आडवे पट्टे किंवा नुसता काळा तुळतुळीतपणा असतो. आडवे पट्टे जोडाला बळकटी देत असतील तर ते नक्षीही आहेत आणि कामही. केवळ दिसण्यासाठी खोल ठसे मारले असतील तर कातडे तेवढ्या जागी पातळ होते. नक्षीने घडणीला मदत करावी, निदान तिला इजा करू नये, एवढीच अपेक्षा ठेवली तरी पुष्कळ दापांची प्रतवारी आपोआप होते.

५. रक्ताची कथा

काही वर्षांपूर्वी एका डोंगराळ प्रदेशातील चर्चासत्राच्या समारोपात मला एक खुकुरी भेट मिळाली. दापावर उठावाची सुंदर वेलबुट्टी होती. घरी आल्यावर दाप डाव्या मुठीत धरून मी पाते बाहेर ओढले आणि दापाच्या कडेतून धार बाहेर येऊन दोन बोटे कापली गेली. चूक माझी होती. खुकुरी काढताना डाव्या हाताची बोटे धारेच्या कडेभोवती गुंडाळू नयेत, पात्याची पाठ दापाच्या पाठीशी टेकवून ठेवावी, हा नियम ती वापरणारे प्रत्येक घर मुलांना शिकवते. परंतु चूक केवळ माझी नव्हती. विद्यापीठाच्या फाटकाबाहेर बसणाऱ्या चर्मकाराकडे मी ते दाप नेले तेव्हा त्याने शिवण उसवून मला आतला भाग दाखवला. दोन्ही फळ्या फक्त तोंडाशी आणि टोकाशी चिकटवलेल्या होत्या. मधला सांधा उघडा होता आणि त्यावर पातळ कातड्याचा केवळ पडदा होता. वेलबुट्टी त्या पडद्यावर होती. त्याने फळ्या नीट सांधल्या, जाड कातडे घेतले, आरीने भोके पाडून दोन सुयांनी शिवण घातली. शिवण संपल्यावर त्याने पाते आत सरकवले, दाप कानाशी नेऊन हलवले आणि मगच माझ्या हाती दिले. वर वर्णन केलेला पहिला निकष मी प्रथम त्याच्याकडून शिकलो.

या प्रसंगानंतर मॅलरीच्या 'ल मॉर्त द'आर्थर' (मुद्रण १४८५) या ग्रंथातील एक संवाद मला नव्याने वाचता आला. आर्थर राजाला सरोवरातील तलवार मिळते तेव्हा मर्लिन त्याला विचारतो, तुला अधिक आवडले काय, तलवार की म्यान? आर्थर तलवार असे उत्तर देतो आणि मर्लिन त्याला अडाणी ठरवतो, कारण त्या म्यानाची योग्यता दहा तलवारींएवढी आहे. ते अंगावर असेल तोवर आर्थरच्या शरीरातून रक्त जाणार नाही. पुढे मॉर्गन ल फे ते म्यान चोरून पाण्यात टाकते आणि ते कायमचे नाहीसे होते. हा भाग अद्भुताच्या सदरात टाकला जातो. त्यातील जादू वजा केली तर उरते ते म्यानाचे अगदी व्यावहारिक कर्तव्य: ते बाळगणाऱ्याचे रक्त सांडू न देणे. कबीराच्या दोह्यातील गिऱ्हाईक आणि मॅलरीचा आर्थर यांची निवड एकच आहे. एका ग्रंथात ती शहाणपण ठरते आणि दुसऱ्यात अज्ञान.

खुकुरीच्या बाबतीत रक्ताची आणखी एक कथा रूढ आहे. एकदा उपसलेली खुकुरी रक्त प्याल्याशिवाय म्यानात परत जात नाही, असे पर्यटकांना आणि कित्येक वाचकांनाही वाटते. १८१४ ते १८१६ च्या इंग्रज-नेपाळ युद्धाच्या काळात, १८१५ पासून, गुरखा सैनिकांची भरती कंपनी सरकारच्या फौजेत सुरू झाली. त्यानंतरच्या शतकभरात इंग्रजी लेखनाने 'लढवय्या जाती'ची जी प्रतिमा उभी केली, तिला ही कथा चांगली शोभते. वस्तुस्थिती अशी की खुकुरी ही प्रथमतः घरातील व शेतातील कोयती आहे. तिने लाकूड फोडतात, चारा व भाजी कापतात, वाट साफ करतात.

या कथेचे खंडन करण्यासाठी दूरच्या पुराव्याची गरज नाही. दापच पुरेसे आहे. वापरातील जुन्या दापाचे तोंड हजारो वेळा पाते आत-बाहेर केल्याने गुळगुळीत झालेले असते. मागच्या कप्प्यातील छोटी सुरी आणि चकमक ही स्वयंपाकाची व विस्तवाची साधने आहेत. खेड्यात कमरेच्या पटुक्यात खोचलेल्या दापाच्या एका अंगावर कापडाची आणि घामाची झीज दिसते. प्रत्येक उपसण्याला रक्त लागले असते तर दापाचे तोंड असे झिजले नसते. कथेने पाते पाहिले, दाप पाहिले नाही.

म्यान हे असे पुराव्याचे साधन होऊ शकते हे पुरातत्त्वज्ञांनी जाणले आहे. टेम्सच्या काठावरील ओल्या चिखलाच्या थरांत मध्ययुगीन लंडनमधील चामडी म्याने टिकून राहिली, आणि १९८७ मध्ये लंडनच्या संग्रहालयाने सुऱ्या व म्याने यांच्यावरील अभ्यास ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. अशा ठिकाणी कातडे उरते, शिवणीचा दोरा बहुधा कुजून जातो. मग अभ्यासक भोकांच्या ओळीवरून शिवणीची पद्धत आणि म्यानाच्या आकारावरून हरवलेल्या सुरीचा आकार ओळखतो. १९९१ मध्ये आल्प्सच्या हिमनदीत सापडलेल्या, सुमारे ५३०० वर्षांपूर्वीच्या माणसाजवळ गारगोटीची कट्यार होती आणि तिला झाडाच्या सालीच्या तंतूंनी विणलेले म्यान होते. इतक्या प्राचीन काळीही पात्यासोबत त्याचे घर केले जात होते. ते सहसा सापडत नाही, याचे कारण ते नाशवंत द्रव्याचे असते, एवढेच.

६. मोल कोणाचे

आता पहिल्या भागातील पेचाकडे परत येता येईल. संग्रहालयांत पाते म्यानाबाहेर काढून मांडण्याची प्रथा आहे. सैन्यासाठी केलेल्या खुकुरींच्या पात्यावर शिक्के व वर्षे आढळतात. दापावर कारागिराचे नाव क्वचितच. महाकाव्ये व वीरगाथा तलवारींना नावे देतात, म्यानांना देत नाहीत. मॅलरीच्या ग्रंथात दहा तलवारींच्या मोलाचे म्यान आहे खरे, पण तेही निनावीच.

या अनामिकतेमागे द्रव्याच्या नाशवंतपणाबरोबर समाजव्यवस्थाही आहे. जंगबहादुर राणांच्या काळात, १८५४ मध्ये, लागू झालेल्या मुलुकी ऐनाने नेपाळमधील जातींची उतरंड कायद्यात लिहून काढली. त्यात कामी आणि सार्की या दोघांनाही अस्पृश्य गटात ठेवले होते. ज्या खुकुरीला पुढे राष्ट्राचे आणि सैन्याचे चिन्ह होण्याचा मान मिळाला, तिचे पाते आणि तिचे दाप दोन्ही अशा हातांनी केलेली होती, ज्यांच्याकडून पाणी घेण्यास कायद्याने मनाई होती. १९६३ च्या नव्या मुलुकी ऐनाने या भेदाचा कायदेशीर आधार काढून घेतला आणि २०११ मध्ये जातीय भेदभाव व अस्पृश्यता यांना शिक्षा ठरवणारा स्वतंत्र कायदा नेपाळमध्ये झाला. कायद्याने नाव पुसता येते. वस्तूवर नाव लिहिण्याचे काम मात्र अभ्यासकाने करायचे असते.

या प्रकाशात कबीराचा दोहा पुन्हा वाचला तर त्यातील उपमेय आणि उपमान यांतील ताण स्पष्ट होतो. कबीर स्वतः विणकर. त्याच्या नावावरील पदांत देहासाठी चादरीची प्रतिमा येते तेव्हा विणीच्या बारकाव्याविषयी अपार आदर दिसतो. आवरण तेथे टाकाऊ नाही, जपून परत करण्याची वस्तू आहे. कापडाच्या आवरणाला मिळालेला हा आदर कातड्याच्या आवरणाला मिळाला नाही. रैदासाने, म्हणजे महाराष्ट्रातील भाविकांच्या संत रोहिदासांनी, आदिग्रंथातील आपल्या पदांत चर्मकार असल्याचा उल्लेख स्वतः केला आहे. ही तिन्ही स्थाने एकत्र ठेवली की लक्षात येते, संतकवींची आवरणविषयक दृष्टी एकसारखी नाही. ती त्या त्या कवीच्या हातातील कामाबरोबर बदलते. तौलनिक साहित्याभ्यासात प्रतिमांची तुलना आपण बहुधा अर्थाच्या पातळीवर करतो. प्रतिमेत आलेली वस्तू कशाची, कोणी आणि कशी केली, हा प्रश्न त्या तुलनेत घेतला तर अर्थाचे काही नवे पदर उलगडतात, एवढेच या विवेचनातून सुचवायचे आहे.

यातून दोह्याचे मूल्य कमी होत नाही. साधूची जात विचारू नये हे खरेच. चर्मकाराचीही विचारू नये. त्याची शिवण पाहावी. शिवण पाहण्यासाठी म्यान हातात घ्यावे लागते, उलटे करून त्याची मागची बाजू पाहावी लागते, कारण दाप असो की तुप्पी, कारागिराने आपले सर्वांत कठीण काम अंगाकडच्या बाजूस, पाहणाऱ्याच्या नजरेआड केलेले असते. बृहदारण्यकातील उपमेचे सामर्थ्य अशाच कोणा अनाम कारागिराने नीट बसवलेल्या क्षुरधानावर उभे आहे. ते सैल असते तर नखाग्रांपर्यंत भरून राहिलेल्या आत्म्यासाठी उपनिषत्कारांना दुसरी उपमा शोधावी लागली असती.

माझी खुकुरी आता तेल लावून, कापडात गुंडाळून कपाटात ठेवलेली असते. दाप मात्र मी बाहेर, पुस्तकांच्या शेजारी ठेवले आहे, शिवण दिसेल असे.